कांदा थोडा जास्त पिकला की भाव एवढा का कोसळतो?

लासलगावसह सगळ्या बाजारांत मिळून कांदा दहा टक्के जास्त आला, तर भावही दहा टक्केच उतरेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त पडतो. कारण स्वस्त झाला म्हणून कुणी पोह्यांत दुप्पट कांदा चिरत नाही.

भाव बदलला की मागणी किती बदलते, ह्या मापाला अर्थशास्त्रात 'मागणीची लवचिकता' म्हणतात. मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल, एवढंच सूत्र. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर मागणी ताठर.

समजा, भाव 20 रुपयांवरून 40 झाला आणि एका घराची महिन्याची खरेदी 5 किलोवरून 4 किलो झाली. खरेदी 20 टक्के घटली, भाव 100 टक्के वाढला, लवचिकता 0.2. आता हेच उलट मोजा. भाव 40 वरून 20, खरेदी 4 वरून 5, उत्तर 0.5! घर तेच, कांदा तोच. फरक पडला तो टक्के कशावर काढले त्यामुळे. म्हणून दोन्ही आकड्यांची सरासरी पाया धरावी: 1 भागिले 4.5 म्हणजे 22 टक्के, 20 भागिले 30 म्हणजे 67 टक्के. लवचिकता साधारण 0.33, कुठूनही मोजा.

आता हाच आकडा शेतकऱ्याच्या बाजूने वाचा. दहा टक्के जास्त माल खपवायचा तर दुकानातला भाव सुमारे 30 टक्के (10 भागिले 0.33) उतरावा लागतो: 30 रुपयांचा 21. पण मधली वाहतूक, हमाली, बारदान, दुकानदाराची कमाई हे किलोमागचे 15 रुपये फारसे हलत नाहीत, असं धरू. मग शेतकऱ्याचे 15 रुपये थेट 6 वर येतात. 100 क्विंटलचे दीड लाख मिळत होते, तिथे 110 क्विंटलचे 66 हजार. पीक वाढलं आणि पैसा निम्म्याहूनही खाली गेला.

मग लागवड कमी का करत नाहीत, असा सल्ला शहरात फार ऐकू येतो. ताठर आहे ती सगळ्या कांद्याची एकत्रित मागणी. एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीची मागणी मात्र कमालीची लवचीक असते: त्याने चालू भावापेक्षा थोडे जास्त मागितले, तर व्यापारी पुढच्या ट्रॅक्टरकडे वळतो. त्याने एकट्याने अर्ध्या रानात कांदा लावला नाही, तर लिलावातला भाव तसूभरही हलणार नाही, त्याची पट्टी, म्हणजे विक्रीतून हाती येणारी रक्कम, तेवढी अर्धी होईल.