फुले मंडई: पुण्याची की मुंबईची?

गोव्याहून खरेदीला निघताना ‘मेट्रोने फुले मंडईत जाऊ’ एवढं ठरवून भागत नाही. महात्मा फुले मंडई पुण्यात आहे आणि मुंबईतही, शिवाय दोन्हींजवळ भुयारी मेट्रो आहे. पुणेकर तिला नुसतं ‘मंडई’ म्हणतात. मुंबईकरांच्या तोंडी अजून क्रॉफर्ड मार्केटच.

पुण्यात स्थानकाचं नावच मंडई. हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. पणजीच्या बसने स्वारगेटला उतरलात तर पिंपरीकडची मेट्रो घ्या. पहिलंच स्थानक मंडई. गोवा एक्स्प्रेस मात्र पुण्यात पहाटे पोचते आणि मेट्रो सहाला सुरू होते, तेव्हा थोडं थांबावं लागेल. रेल्वे स्थानकाजवळची मेट्रो पुलावरून धावते. वनाजकडच्या गाडीने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकावर उतरा आणि स्वारगेटच्या गाडीसाठी खाली जा. तो फलाट सुमारे ३३ मीटर खोल आहे. हातात पिशव्या असतील तर लिफ्टच शोधा. त्यानंतर आधी कसबा पेठ येतं. जुनी पेठ दिसली म्हणून तिथे उतरू नका, मंडई पुढचं. वर आलात की अष्टकोनी मनोऱ्याची इमारत, म्हणजे १८८६चं रे मार्केट, आजची फुले मंडई. भाजी-फळं किरकोळीत इथे मिळतात, तुळशीबाग शेजारीच. पोत्याने माल हवा असेल तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जावं लागतं.

मुंबईत मार्केटच्या नावाचं स्थानकच नाही. जवळचं स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि खरा घोळ इथेच होतो: त्याच मार्गिकेवर विमानतळाच्या टी१ आणि टी२ स्थानकांची नावंही ‘छत्रपती शिवाजी महाराज’नेच सुरू होतात. तिकिटावर ‘टर्मिनस’ हा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मोपा किंवा दाबोळीहून विमानाने आलात तर कफ परेडची गाडी. काळबादेवी गेलं की पुढचं आपलं. कोकणकन्या किंवा मांडवीने सीएसएमटीलाच उतरलात तर मेट्रोत शिरूच नका, उत्तरेकडे दहाएक मिनिटं चालत जा.

ही इमारत १८६९ची, म्हणजे पुण्याच्या मंडईहून जुनी. दारावर शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत, लॉकवुड किपलिंग यांची. आत शिरण्याआधी मान वर करून ती जरूर पाहा. फळं, सुका मेवा, केकचं सामान यासाठी हे ठिकाण चांगलं. फळांचा घाऊक बाजार मात्र १९९६ मध्येच वाशीला गेला.