ग्राउंड ग्लासला पाणी चालतं

सोलापुरातले जुने स्टुडिओवाले अजूनही बजावतात, "मोठ्या कॅमेऱ्याच्या दुधी काचेला पाणी लावू नका, दाणा जातो." ही काच म्हणजेच ग्राउंड ग्लास, कॅमेऱ्याच्या मागे बसवलेली, जिच्यावर चित्र पाहून फोकस करतात. पण पाण्याने दाणा जातो हे खरं नाही. दाणा म्हणजे वरून दिलेला लेप नव्हे. कार्बोरंडमच्या (घासण्याच्या कठीण) पुडीने घासून काचच खडबडीत केलेली असते, ती साबणाने कशी जाईल?

जातो तो बोटांचा तेलकटपणा. तो बारीक खळग्यांत भरला की तिथे काच पारदर्शक होते, डाग उजेडाला ओला दिसतो. कोरड्या फडक्याने तो पसरतो, वर धागे अडकतात ते वेगळेच.

काच चौकटीतून काढा. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा थेंब, मऊ टूथब्रश. शेवटी फिल्टरचं पाणी. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. काच कडेवर उभी ठेवून सुकू द्या.

काचेवर आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा मात्र पुसल्या जातील. आणि काचेला लागून फ्रेनेल (चित्र उजळ दाखवणारी पातळ चकतीसारखी भिंग-पट्टी) असेल तर ते सहसा प्लॅस्टिक. त्याला स्पिरिट, थिनर अजिबात नको.

बसवताना खडबडीत बाजू लेन्सकडेच हवी. उलटी बसली तर काचेच्या जाडीच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका फोकस चुकतो, आणि दोष बिचाऱ्या साबणावर येतो.