परमिट रूमला नियमभंगाची नोटीस आली? तडजोडीचा अर्ज कसा करायचा

गणपतीत चाकरमानी आले की मालवण-गुहागरकडच्या परमिट रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. तपासणी त्या दिवसांतही होते. दोन दिवसांची विक्री रजिस्टरला चढवायची राहिलेली असते, कपाटातल्या बाटल्या आणि वहीतली शिल्लक जुळत नाही, गर्दीसाठी ठेवलेल्या पोराचं नाव नोकरनाम्यात, म्हणजे मंजूर नोकरांच्या नोंदीत, नसतं. राज्य उत्पादन शुल्कचे निरीक्षक विसंगती नोंदवतात आणि मागाहून कारणे दाखवा नोटीस येते.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ५४ खाली अशा प्रकरणात अनुज्ञप्ती (परमिट रूमचा परवाना) निलंबित किंवा रद्द होऊ शकते. त्याऐवजी रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोय कलम १०४ मध्ये आहे. हीच तडजोड. मात्र तो तुमचा हक्क नाही. मान्य करायची की नाही, हे अधिकारी ठरवतात.

अर्ज अनुज्ञप्तीधारकानेच करायचा. कोकणात बऱ्याच ठिकाणी मालक मुंबईला आणि धंदा गावातला कोणी बघतो. अशा वेळी मॅनेजरच्या सहीचा अर्ज देऊ नका. विनापरवानगी ‘चालवायला दिलेली’ परमिट रूम हा स्वतंत्र नियमभंग आहे, आणि तो आपल्याच कागदावरून उघड होतो! ‘वेटरने केलं, मला ठाऊक नव्हतं’ हेही चालत नाही, कारण नोकराने केलेला भंग कलम ५४ मध्ये धारकाच्याच नावावर पडतो.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. नोटिशीत चार मुद्दे असतील तर चारही मुद्द्यांवर वेगवेगळं लिहा. शिल्लक जुळत नसेल तर ब्रँडवार तक्ता जोडा: आधीची शिल्लक, वाहतूक पासावर आलेला माल, विक्री, उरलेल्या बाटल्या. उघडलेली बाटली मोजायची राहून गेली असेल, तर तफावत बऱ्याचदा इथेच सापडते. जे घडलंच नाही ते केवळ लवकर सुटायचं म्हणून कबूल करू नका. शेवटच्या परिच्छेदात कलम १०४ खाली तडजोडीची विनंती करा.

सोबत नोटिशीची प्रत, चालू वर्षाची नूतनीकरण केलेली अनुज्ञप्ती, शुल्क भरल्याचं चलन, रजिस्टरची संबंधित पानं, नोकरनामा आणि धारकाचं ओळखपत्र जोडा. भागीदारी असेल तर भागीदारीपत्रही. सगळं जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात देऊन पोच घ्या. सिंधुदुर्गचं कार्यालय ओरोसला, रायगडचं अलिबागला.

रक्कम लेखी आदेशात येते. ती ‘ग्रास’ या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर, राज्य उत्पादन शुल्काच्या ००३९ या लेखाशीर्षाखाली भरायची. जागेवर कोणी रोख मागितली तर ती तडजोड नव्हे, हे पक्कं समजा. आदेश मान्य नसेल तर कलम १३७ खाली अपील करता येतं.

गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावर गोव्याची दारू पकडली गेली तर मात्र मामला वेगळा. तो कलम ६५ खालचा फौजदारी गुन्हा आहे आणि वाहनही जप्त होतं. तिथे हा अर्ज घेऊन जाण्याऐवजी आधी वकील गाठा.

रक्कम भरली की त्याच भंगावरून पुन्हा कारवाई होत नाही. आदेश आणि चलन मात्र जपून ठेवा. ३१ मार्चच्या आधी नूतनीकरणाला गेलात की जुनं प्रकरण मिटलं का, हा प्रश्न येतोच.