मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात करायचं नाही?

नागपुरात मे महिना आला की हा मेसेज फिरतोच: "उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर डोळा पिकतो, दिवाळीनंतरच करा."

हा समज हवेतून आलेला नाही. पूर्वी 10-12 मिलिमीटरची चीर द्यावी लागे, टाके पडत, पेशंट कित्येक दिवस पडून राहायचा. एसी नसलेल्या वॉर्डात घामाची धास्ती वाटणं साहजिकच होतं.

आता फेको पद्धतीत (ध्वनिलहरींनी डोळ्यातलं गढूळ भिंग फोडून काढतात) चीर साधारण 2 ते 3 मिलिमीटरची असते आणि ती बहुधा टाक्याविनाच मिटते. शिवाय बाहेर 45 अंश असले तरी ऑपरेशन थिएटर थंडच असतं. जंतुसंसर्ग होतो तो जंतूंमुळे. नुसत्या उन्हाळ्याने डोळा पिकत नाही. म्हणून खरी काळजी हात धुण्याची, डोळा न चोळण्याची, नळाचं पाणी डोळ्यात जाऊ न देण्याची. कपाळावरचा घाम स्वच्छ रुमालाने टिपायचा. घामट दुपट्ट्याने नाही!

पडताळायचं असेल तर डॉक्टरांनाच विचारा: चीर किती, टाका पडणार का? ड्रॉप्सच्या बाटलीवरचं तापमानही वाचा. कूलरच्या खिडकीत, उन्हात ठेवलेली बाटली मात्र उन्हाळ्यात खरोखर बिघडू शकते.

उलट थांबण्यातच तोटा असतो. मोतीबिंदू फार पिकला की भिंग टणक होतं, ऑपरेशन अवघड जातं, कधी डोळ्याचा दाबही वाढतो.

ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली, तर ऊन उतरायची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.