‘सोया सॉस’ नेमका कशाला म्हणायचे? न्यूझीलंडमधल्या आयातीची पार्श्वभूमी

ओटागो प्रांतातल्या सोन्याच्या मागे चिनी माणसे न्यूझीलंडला पोचली ती 1866 च्या सुमारास. त्यांच्या स्वयंपाकातल्या जिनसांना मात्र मोठी बाजारपेठ मिळाली ती सव्वाशे वर्षांनी. 1881 मध्ये चिनी माणसावर दहा पौंडांची डोईपट्टी बसली, 1896 मध्ये ती शंभर पौंड झाली आणि कायद्यातून गेली 1944 मध्ये. त्यातच 1938 च्या अखेरीस परकीय चलन आटले आणि आयात परवाने सुरू झाले. 1984 नंतर परवाने मोडीत निघत गेले, 1987 च्या कायद्याने आशियातून स्थलांतराची वाट रुंद झाली आणि सुपरमार्केटच्या फळीवर सोया सॉसच्या बाटल्या वाढू लागल्या.

खरा पेच 2001 मध्ये आला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये तपासलेल्या सोया सॉसच्या नमुन्यांपैकी पाचातल्या एकाहून अधिकांत ‘थ्री-एमसीपीडी’ हे रसायन सुरक्षित मानलेल्या पातळीपेक्षा बरेच अधिक सापडले. शास्त्रज्ञांना ते 1978 पासून माहीत होते. सोयाबीन आणि गहू बुरशी लावून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवले तर ते जवळपास तयारच होत नाही. तेल काढलेली सोयाची पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून दोन-चार दिवसांत सॉस उरकला, तर पेंडीत राहिलेल्या स्निग्धांशाशी क्लोरीनचा संयोग होऊन ते तयार होते. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच, ‘सोया सॉस’. आपल्याकडे रासायनिक व्हिनेगरच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे छापावेच लागते. तसा शब्द सोया सॉसला कुणी लावला नाही, आणि घोळाचे मूळ हेच आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची अन्नमानके सामायिक आहेत. शिवाय 1998 पासून एका देशात कायदेशीर विकला जाणारा माल सहसा दुसऱ्या देशातही विकता येतो. त्यामुळे न्यूझीलंडला एकट्याने वेगळा निर्णय घेण्यास फारसा वाव नव्हता. 2001 मध्येच घाईने मर्यादा ठरली : किलोमागे 0.2 मिलिग्रॅम. युरोपने एप्रिल 2002 पासून लागू केली ती 0.02, म्हणजे दहापट कडक. दोन्हीकडे हिशेब सॉसमध्ये 40 टक्के घन अंश आहे असे धरूनच. युरोपच्या बंदरातून परत गेलेली बाटली ऑकलंडमध्ये बिनदिक्कत विकता यावी, असा हा फरक होता. माणसाच्या पोटात रोज किती गेले तर चालते, यावरून 0.2 पुरेशी सुरक्षित ठरते, असे तिच्या बाजूने सांगितले जाते. ते चूक नाही. पण आंबवलेल्या सॉसला 0.02 सहज पाळता येते. मग सैल मर्यादेचा फायदा आम्लाच्या वाटेने जाणाऱ्यालाच होतो, आणि चांगला माल आणणाऱ्या आयातदाराला किमतीच्या शर्यतीत मागे राहावे लागते. त्यातून मर्यादा लावली ती सरसकट ‘सोया सॉस आणि ऑयस्टर सॉस’ यांना. कृतीचा भेद तिच्यात नाही.

हा भेद आंतरराष्ट्रीय पातळीवर 2008 मध्ये मान्य झाला. तिथे 0.4 ची मर्यादा फक्त आम्लाने विघटित केलेली प्रथिने असलेल्या द्रवरूप सॉसना लागू झाली, नैसर्गिकरीत्या आंबवलेला सोया सॉस त्यातून वगळला. त्याच वर्षी न्यूझीलंडचा चीनशी मुक्त व्यापार करार अमलात आला. 2016 पासून अन्न आयात करणाऱ्याला नोंदणी करावी लागते, किंवा नोंदणीकृत आयातदारामार्फत माल आणावा लागतो.

ॲलर्जीच्या नव्या नियमांची मुदत फेब्रुवारी 2024 मध्ये संपली. आता घटकांच्या यादीत सोया आणि गहू ठळक अक्षरांत छापावे लागतात. सोया सॉसमध्ये गहू असतो हे अनेकांना तिथेच प्रथम कळते. बाटलीतला सॉस आंबवलेला की उकळलेला, हे मात्र अजूनही मागची बारीक यादी वाचून ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ (विघटित केलेली वनस्पतिज प्रथिने) हे शब्द दिसतात का, यावरूनच ओळखावे लागते.