स्टेट फेअरमधला ज्येष्ठांचा दिवस आला कुठून?

अमेरिकेतल्या बहुतेक स्टेट फेअरमध्ये, म्हणजे राज्याच्या वार्षिक मेळ्यांत, ज्येष्ठांना तिकीट स्वस्त मिळतं. मात्र वयाची अट कुठे ६० असते, कुठे ६५. खास दिवस ठेवलाच, तर तो सहसा शनिवार-रविवार सोडून असतो.

या मेळ्यांचं मूळ गुराढोरांच्या प्रदर्शनात आहे. एल्काना वॉटसन यांनी १८१० साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला असं प्रदर्शन भरवलं. चांगल्या पैदाशीला बक्षीस द्यायचं आणि ते बघून बाकीच्यांनी शिकायचं, ही त्यामागची कल्पना. राज्याच्या पातळीवरचा पहिला मेळा न्यूयॉर्कने १८४१ मध्ये सिरॅक्युजला भरवला. आयोवात तो १८५४ पासून, मिनेसोटात १८५९ पासून भरू लागला. मेळ्यांचे दिवस वाढले तसा मधल्या वारांना गर्दी कशी आणायची, हा प्रश्न पडला. मग प्रत्येक वार कुणाच्या तरी नावाने लावायची पद्धत पडली. त्यात मुलांचा दिवस होता, युद्धातून परतलेल्या सैनिकांचा होता, आणि ‘ओल्ड सेटलर्स’चा, म्हणजे त्या मुलखात आधी येऊन वसलेल्या म्हाताऱ्यांचाही होता. आजच्या ज्येष्ठ दिनाचं नातं या ‘ओल्ड सेटलर्स’च्या दिवसाशी सर्वात जवळचं.

या प्रथेची एक काळी बाजूही सांगायलाच हवी. डॅलसच्या टेक्सास मेळ्यात १८८९ पासून कृष्णवर्णीयांसाठी वेगळा दिवस होता. तो मान नव्हता, इतर दिवशी त्यांना दूर ठेवण्याची सोय होती. १९५५ साली नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या वॉनिटा क्राफ्ट यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. म्हणूनच ‘खास दिवस’ म्हटला की बाकीच्या दिवशी दार उघडं आहे ना, हे आधी बघावं.

वयाचे आकडे मेळ्यांनी शोधून काढलेले नाहीत. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने निवृत्तिवेतनाचं वय ६५ धरलं आणि १९६५ मध्ये मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यानेही तेच घेतलं. त्याच वर्षीच्या ओल्डर अमेरिकन्स कायद्याखालच्या सेवा मात्र ६० पासून मिळतात. त्यामुळे दोन्ही आकडे लोकांच्या अंगवळणी पडले. मिनेसोटा आणि न्यूयॉर्कच्या मेळ्यांत ६५ चालतात, टेक्सासमध्ये ६०.

वार ठरतो तो स्थानिक गणितावर. मिनेसोटाचा मेळा ऑगस्टअखेरीस सुरू होऊन लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, संपतो. तिथल्या बहुतेक शाळा त्यानंतर उघडतात, म्हणून ज्येष्ठांचा आणि मुलांचा दिवस एकच ठेवता येतो, आणि आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. टेक्सासचा मेळा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मुलं तेव्हा शाळेत, म्हणून गुरुवार ज्येष्ठांचा. मिनेसोटाच्या मेळ्याला १९४९ पासून सरकारी अनुदान नाही, सारा खर्च तिकीट, भाडं आणि विक्रेत्यांकडून येणाऱ्या पैशांतून. ओस पडणाऱ्या वारी फाटकावर सोडलेले डॉलर पार्किंग आणि खाण्याच्या गाड्यांवर भरून निघतात.

म्हणूनच सवलत सहसा फाटकापुरतीच असते. पाळणे, ग्रँडस्टँडवरचे (मोठ्या प्रेक्षागारातले) कार्यक्रम आणि पार्किंग यांचे पैसे वेगळे. पाळणेवाले बहुधा स्वतंत्र ठेकेदार असतात, त्यांचा सवलतीचा दिवस निराळा. घरातल्या एका ज्येष्ठामुळे सगळ्यांना सूट मिळत नाही. आगाऊ तिकिटाचा दर कधी कधी ज्येष्ठ दराइतकाच पडतो, तेव्हा आधी दोन्ही ताडून बघावेत. मिनेसोटाचं आवार ३२२ एकरांचं आहे. सकाळी लवकर जाऊन ऊन चढण्याआधी जनावरांचे गोठे बघून घ्यावेत. व्हीलचेअर भाड्याने हवी असेल तर आदल्या दिवशी चौकशी करावी.

मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांनी वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट न्यावा, आधार कार्ड तिथे कुणी ओळखत नाही. भारतीय पासपोर्टवर ९ ऑगस्टची जन्मतारीख ०९/०८ अशी छापलेली असते, तर तिथला कर्मचारी महिना आधी वाचतो आणि ती ८ सप्टेंबर समजतो. पासष्टी नुकतीच पूर्ण झालेल्यांचा घोटाळा इथेच होतो. अमेरिकन व्हिसाच्या पानावर जन्मतारखेतला महिना अक्षरांत असतो. तेच पान उघडून दाखवावं.