मोजलं काय आणि सापडलं काय : विजेच्या तारा आणि रक्ताचा कर्करोग

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा, काही देशांत ६० वेळा, दिशेचं आवर्तन पूर्ण करते. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही त्याच लयीत बदलतं. त्याचा शरीरावर परिणाम होतो हे शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. फ्रान्सच्या द'आर्सोन्वाल यांनी १८९६ मध्ये प्रखर क्षेत्रात डोकं ठेवलं की डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो, असं नोंदवलं होतं. बदलतं क्षेत्र शरीरात विद्युतप्रवाह निर्माण करतं आणि डोळ्याचा पडदा त्याला प्रतिसाद देतो. मात्र त्यासाठी हजारो मायक्रोटेस्लाचं (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) क्षेत्र लागतं. घरात ते सहसा ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं.

१९६०च्या दशकात सोव्हिएत संघातल्या उच्चदाब उपकेंद्रांवरचे कामगार डोकेदुखी आणि थकव्याच्या तक्रारी करू लागले. तेव्हा संशय होता विद्युतक्षेत्रावर. चुंबकीय क्षेत्राकडे बोट वळलं ते अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये.

तिथे साथरोगशास्त्रज्ञ नॅन्सी वेर्थायमर कर्करोगाने दगावलेल्या मुलांचे पत्ते शोधत हिंडत होत्या. त्यांतल्या बऱ्याच घरांजवळ विजेच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर दिसतो, हे त्यांच्या लक्षात आलं. भौतिकशास्त्र जाणणारे एड लीपर सोबतीला आले. १९५० ते १९७३ या काळातले ३४४ बालमृत्यू त्यांनी तपासले. त्यांनी घराघरांत जाऊन क्षेत्र मोजलं नाही. बाहेरच्या तारा किती जाड, घरापासून किती लांब, ट्रान्सफॉर्मर कुठे, हे पाहून प्रत्येक घराला एक वर्ग दिला. १९७९ मध्ये निष्कर्ष छापून आला : मोठ्या प्रवाहाच्या तारांजवळ धोका दोन ते तीन पट. कोणतं घर दगावलेल्या मुलाचं आणि कोणतं तुलनेसाठी घेतलेल्या मुलाचं, हे वर्ग ठरवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं, यावर टीका झाली आणि ती रास्तच होती.

गंमत पुढे आहे. १९८८ मध्ये डेव्हिड सॅव्हिट्झ यांनी त्याच शहरात अधिक काटेकोर अभ्यास केला. तारांच्या वर्गाशी आजाराचा संबंध पुन्हा दिसला, पण घरात प्रत्यक्ष मोजलेल्या क्षेत्राशी तो अधिक फिका होता. म्हणजे अंदाजाचं साधन खऱ्या मोजणीपेक्षा सरस! एक बाजू म्हणाली, आज मोजलेलं क्षेत्र आजारापूर्वीच्या काळाचं नसतं, तारा मात्र जागच्या जागी असतात. दुसरी म्हणाली, तारांचा वर्ग गरिबी, वाहतूक, जुनी वस्ती असलं काहीतरी वेगळंच मोजतोय. मला हा पेच या सगळ्या इतिहासाचा कणा वाटतो.

स्वीडनने त्यावर वाट काढली. फायख्टिंग आणि आल्बोम यांनी वाहिन्यांवरच्या जुन्या भाराच्या नोंदींवरून त्या-त्या वर्षीचं क्षेत्र गणिताने काढलं. १९९३ मध्ये संबंध दिसला खरा, पण रक्ताच्या कर्करोगाची मुलं होती अवघी ३९. आकडे तोकडे पडत होते, म्हणून २००० मध्ये नऊ अभ्यास एकत्र केले गेले. त्यात ३,२४७ रुग्ण मुलं होती. ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली वाढीव धोका आढळला नाही. त्याहून जास्त क्षेत्र असलेल्या घरांत तो सुमारे दुप्पट दिसला. त्या वरच्या गटात रुग्ण मुलं होती फक्त ४४.

याच पुराव्याच्या बळावर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये हे क्षेत्र ‘२ बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ठोस आधार मिळाला नव्हता. इतक्या कमी वारंवारतेच्या ऊर्जेने रासायनिक बंध तुटत नाहीत, त्यामुळे कार्यकारणाची साखळीही जुळत नव्हती. सुरक्षिततेच्या मर्यादा म्हणूनच अजूनही द'आर्सोन्वाल यांच्या वाटेने, मज्जातंतूंवरच्या परिणामावरून ठरतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ५० हर्ट्झला (सेकंदाला ५० आवर्तनं) जनतेसाठी १०० मायक्रोटेस्ला ही मर्यादा होती. २०१० मध्ये ती २०० झाली.

ब्रिटनमध्ये २००५ साली उच्चदाब वाहिन्यांपासून ६०० मीटरपर्यंत मुलांना रक्ताच्या कर्करोगाचा थोडा वाढीव धोका दिसला. तेवढ्या अंतरावर वाहिनीचं क्षेत्र जवळपास उरतच नाही. २०१४ मध्ये तोच अभ्यास लांबवून दशकवार पाहिला, तेव्हा तो धोका १९६०-७०च्या दशकांत एकवटलेला निघाला. १९८०नंतर तो दिसेनासा झाला होता. तारा मात्र तिथेच होत्या, आणि त्यांतून वीजही वाहत होती.